ऑक्टोबर हीटचा फराळ

पाऊस गेला म्हणावा तर अंगाची चिकचिक जात नाही, थंडी आली म्हणावी तर पंखा पाचवर. गौरी-गणपती उरकलेले असतात, दिवाळीच्या सुट्टीला अजून अवकाश असतो आणि दुपारी दोनला रस्त्यावर उतरलं की मे महिना वाट चुकून परत आला की काय असं वाटतं. ऑक्टोबर हीटबद्दल चांगलं बोलणारा माणूस भेटणं कठीण. पंचांग मात्र याच आठवड्यांना शरद ऋतू म्हणतं. आपल्या वर्षातलं सगळ्यात निगुतीचं खाणं आणि सगळ्यात मोकळं गाणं याच आश्विन-कार्तिकात येतं. कोजागिरीचं दूध, नरकचतुर्दशीचे पोहे, अनारसे, पहाटेची मैफल, यातली एकेक गोष्ट उलगडून पाहिली की मुळाशी हेच रणरणतं ऊन निघतं.

हे ऊन येतं कुठून? नैऋत्य मोसमी वारे साधारण १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून माघार घ्यायला लागतात. मुंबईतून पाऊस परतण्याची हवामान खात्याने धरलेली सर्वसाधारण तारीख आहे ८ ऑक्टोबर. ढगांचं छप्पर उडतं. सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सरकलेला असतो, पण फार लांब गेलेला नसतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातही भर दुपारी तो आपल्याकडे क्षितिजापासून चौसष्ट-पासष्ट अंश वर असतो. खाली जमीन चार महिने पाणी पिऊन बसलेली. ती वाफ सोडत राहते आणि ती वाफ वाहून न्यायला वारा नसतो, कारण नैऋत्येचे वारे थांबलेले असतात आणि ईशान्येचे अजून धड सुरू झालेले नसतात. मुंबईत ऑक्टोबरचं सरासरी कमाल तापमान मे महिन्याच्या आसपास जातं ते यामुळे. पण त्याच निरभ्र आकाशातून रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निसटते. पुण्यात जुलैमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानात पाच-सहा अंशांचा फरक असतो, तो ऑक्टोबरअखेर दुपटीवर जातो. दिवसा कडक ऊन, रात्री गारवा, वर धुतलेलं आकाश आणि शेतात हाताशी आलेलं पीक. हे सगळं एकत्र फक्त याच दिवसांत भेटतं.

आपल्या जुन्या वैद्यांचा या ऋतूवर डोळा होता. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हाने उसळतं, असं आयुर्वेद सांगतो, आणि शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आईच, अशी थट्टा संस्कृतात आहे. डेंग्यू-मलेरियाने भरलेले आजचे दवाखाने पाहिले तर ती थट्टा जुनी झालेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतूनुसार कसं वागावं ते सांगतो. शरदात गोड, कडू आणि थंड गुणाचं खावं, दही-तेल टाळावं, दिवसा झोपू नये, हे पथ्य तर आहेच. पण त्याच ओघात चरक म्हणतात की या ऋतूत शरदातल्या फुलांच्या माळा घालाव्यात, स्वच्छ वस्त्रं नेसावीत आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी चांदण्यात बसावं. औषधाच्या यादीत चांदणं लिहून देणारा वैद्य मला आवडतो. चकलीला मात्र त्यांची परवानगी नाही. ते पथ्य महाराष्ट्राने कधीच मनावर घेतलेलं नाही.

ऋतूची चाहूल लागते ती हत्तीने. सूर्य साधारण २७ सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो आणि तेव्हाचा पाऊस हत्तीच्या सोंडेतून पडावा तसा पडतो, असा शेतकऱ्यांचा हिशेब. जाता जाता पडणाऱ्या या पावसाची ओल जमिनीत राहिली तर रब्बीच्या ज्वारीची चिंता मिटते. म्हणून पाटावर हत्ती काढायचा, त्याची पूजा करायची आणि भोवती मुलींनी फेर धरायचा. पुण्याकडे नवरात्रात होतो तो भोंडला, काही भागांत हस्त लागल्यापासून चालतो तो हादगा, आणि खानदेश-विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बसते ती भुलाबाई, म्हणजे भिल्लिणीच्या रूपातली पार्वती. तिच्यासमोर टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात.

भोंडल्याची गाणी आपण लहान मुलींची म्हणून सोडून देतो, पण त्यांची बांधणी फार हुशारीची आहे. चाल चार-पाच सुरांतच फिरते, त्यामुळे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या गळ्याला झेपते. वाद्य लागत नाही. फेराची पावलं हाच ताल. आणि बरीचशी गाणी साखळीची आहेत, म्हणजे प्रत्येक कडव्यात मागचं सगळं धरून एक पायरी वाढते. सुनेला माहेरी जायचं असतं आणि सासू तिला कारल्याचा वेल लावायला सांगते, ते गाणं आठवा. बी लाव, मग वेल चढू दे, मग फूल, मग कारलं, मग भाजी, मग उष्टी-खरकटी, तेव्हा कुठे माहेर. गाणं म्हणून ते सासुरवासाचं आहे, पण त्यात भाजीचा आख्खा हंगाम बी ते ताट असा क्रमाने येतो. वेड्याच्या बायकोचं दुसरं गाणं तर फराळाची नांदीच. तिने लाडू केले तर नवरा चेंडू समजून खेळायला घेतो, करंज्या केल्या तर होड्या समजून पाण्यात सोडतो. दिवाळीच्या तीन आठवडे आधी पोरींच्या तोंडी हे पदार्थ घोळायला लागतात ते असे.

आणि मग खिरापत. डबा झाकलेला, आईने कुणाला फुटू न दिलेला. गोड की तिखट, ओली की कोरडी, हलवून दाखव, वाजते का बघू. पदार्थ चव घेण्याआधी कानाने आणि नाकाने ओळखायचा हा खेळ. शेंगदाण्याचा लाडू वाजतो वेगळा, साखर-खोबरं वेगळं, वाटली डाळ वाजतच नाही पण तिचा वास झाकणातून बाहेर येतो. चवीने खायचं शिक्षण याहून सोपं आणि स्वस्त मी पाहिलेलं नाही. हल्ली सोसायट्यांमध्ये भोंडला होतो तेव्हा खिरापत म्हणून वेफर्सची पाकिटं वाटतात. पाकिटावर आत काय आहे ते छापलेलं असतं, मग ओळखायचं काय?

याच दिवसांत भाजी बाजारात एक फेरी मारावी. दसऱ्याच्या झेंडूचे ढीग, सीताफळांच्या पाट्या, मातीसकट आलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा, घारग्यांसाठी लाल भोपळ्याच्या फोडी. इतकं अस्सल मराठी दृश्य, आणि यातली चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, गेल्या काही शतकांत समुद्रावरून आलेली. आता बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि झेंडूच्या तोरणाशिवाय दसरा होत नाही. ओल्या शेंगा मात्र लगेच खाव्यात. मिठाच्या पाण्यात सालासकट उकडायच्या आणि गप्पा मारत फोडायच्या. पंधरा दिवसांनी त्या वाळून दाणे होतात आणि ती चव पुढच्या वर्षावर जाते.

उकडलेल्या शेंगा आणि मसाला दूध ही कोजागिरीची जोडी. कोजागिरीचा चंद्र त्या रात्री पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो, असं दरवर्षी फोनवर फिरत असतं. त्यात तथ्य नाही. चंद्र सगळ्यात जवळ असण्याचा दिवस दर महिन्याला सरकतो आणि एखाद्याच वर्षी तो आश्विन पौर्णिमेशी जुळतो. या चंद्राचं खरं वैशिष्ट्य दुसरंच आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. आषाढात सूर्य उत्तरेला, म्हणून पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेला कललेला, आणि तोही बहुधा ढगांआड. आश्विनात सूर्य दक्षिणेकडे निघालेला, म्हणून चंद्र मध्यरात्री जवळजवळ आपल्या डोक्यावर येतो. हवेतली धूळ पावसाने खाली बसलेली असते, त्यामुळे प्रकाश स्वच्छ. मार्गशीर्ष-पौषाचा चंद्रही माथ्यावर येतो, पण तोवर गच्चीवर बसायला शाल लागते. उघड्यावर चटई टाकून बसता येईल अशा रात्री डोक्यावर आलेला पहिला स्वच्छ चंद्र तो कोजागिरीचा. दुधाच्या पातेल्यात चंद्र पाहायची रीत आहे ना, ती अशा उंच आलेल्या चंद्राशिवाय साधतच नाही. चंद्र खाली असला तर पातेल्याचा काठ आड येतो.

दूध आटवणं हे कंटाळ्याचं काम म्हणून बदनाम आहे, पण पातेल्याकडे लक्ष दिलं तर पाहण्यासारखं बरंच असतं. म्हशीच्या दुधात साधारण ८३ टक्के पाणी, ते घालवायचं. तापल्यावर वरच्या थरातलं पाणी आधी उडतं, तिथली प्रथिनं आणि स्निग्धांश दाटून एकमेकांना धरतात आणि साय बनते. सायीखाली वाफ कोंडली की दूध उतू जातं. म्हणून पसरट, जाड बुडाचं पातेलं घ्यायचं, आच मध्यम ठेवायची आणि साय दर थोड्या वेळाने मोडून आत ढकलायची, कडेला चिकटलेलीही खरवडून घ्यायची. अर्ध्यावर आणलं तर बासुंदी. मसाला दुधाला तिसरा-चौथा हिस्सा आटला तरी पुरे. ते पेल्याने पिता आलं पाहिजे. रंग किंचित बदामी होतो तो दुधातली साखर आणि प्रथिनं तापून एकत्र आल्याने, आणि खवट नसलेल्या खव्याचा तो मंद वासही त्याचाच.

साखर शेवटी. वेलदोडा, चारोळी, बदाम-पिस्त्याचे काप. चारोळी आपल्या विदर्भातल्या आणि मध्य भारतातल्या जंगलातून येते. दाताखाली आली की तिचा तेलकट गोडवा कळतो, म्हणून ती कुटू नये. केशर आधी चमचाभर कोमट दुधात अर्धा तास भिजवावं, नाहीतर रंग काड्यांतच राहतो. गंमत अशी की केशराची फुलंही शरदातच येतात. काश्मीरमध्ये पाम्पोरच्या शेतांत त्यांची वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, म्हणजे कोजागिरीच्या दुधातलं केशर बहुधा गेल्या शरदाचं असतं. ज्याला केशर परवडत नाही त्याने अंगणातल्या प्राजक्ताकडे बघावं. रात्री उमलून पहाटे गळणाऱ्या त्या फुलाच्या केशरी देठातलं रंगद्रव्य केशराच्याच कुळातलं आहे. पूर्वी त्याने कापड रंगवत. दुधात मात्र घालू नये, ते कडू असतं. राहिलं जायफळ. रात्रभर जागायचं म्हणून जे दूध प्यायचं, त्यात झोपेसाठी प्रसिद्ध असलेलं जायफळ आपण का उगाळतो, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. बारा वाजता लक्ष्मी कोण जागं आहे हे विचारत येते, तोवर निम्मी गच्ची आडवी झालेली असते.

जागे राहिलेल्यांसाठी गाणं असतं. वर्षा ऋतूला मल्हाराचे प्रकार आहेत, वसंताला बसंत आणि बहार. शरदाला असा आजही ऋतूबरहुकूम गायला जाणारा राग नाही. जुन्या ग्रंथांत ऋतू आणि राग यांच्या याद्या आहेत, एका परंपरेत शरदाला भैरव दिलेला आहे, पण या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि त्या बघून आज कोणी गात नाही. शरदाचं संगीत ऋतूपेक्षा प्रहराला बांधलेलं आहे. हवा अशी असते की उघड्यावर मध्यरात्रीही बसता येतं आणि पहाटेही. म्हणून एरवी वर्षभर कानावर न पडणारे दोन्ही टोकांचे राग या महिन्यात ऐकायला मिळतात. कोजागिरीला बागेश्री, मालकंस, चंद्रकंस. मालकंसाचा कोमल निषाद काढून तिथे शुद्ध निषाद ठेवला की चंद्रकंस होतो. बाकी चार स्वर तेच. एवढ्या एका बदलाने मालकंसाचं भारदस्तपण जाऊन त्या जागी एक हुरहुर येते. दोन्ही राग लागोपाठ ऐकून पाहा, शास्त्र न शिकताही फरक कळेल.

पहाटेचा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो दुर्मीळ होत चालला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस फार तर मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम योग्यच आहे, रुग्ण आणि म्हातारी माणसं याबद्दल दुवाच देतील. पण त्याची किंमत रागांनी मोजली. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफली एकेकाळी रात्रभर चालत आणि शेवटचा गायक उजाडताना ललत किंवा तोडी गायचा. आता ललत ऐकायचा तर बंद सभागृहात, नाहीतर ध्वनिमुद्रणावर. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम ही त्यातली पळवाट ठरली. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, अर्धवट झोपेत लोक सहाच्या सुमाराला बागेत किंवा नाट्यगृहात जमतात. बऱ्याच ठिकाणी सध्या हिंदी चित्रपटगीतांचाच भरणा असतो, आणि तो ऐकायला पहाट कशाला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण जिथे कोणी रागदारी मांडतं तिथे जरूर जावं. गायक बसल्यावर आधी तानपुऱ्याकडे कान द्यावा. ललतात पंचम नाही, मालकंस-चंद्रकंसातही नाही, म्हणून पहिली तार एरवीसारखी पंचमात न लावता बहुधा मध्यमात उतरवलेली असते. त्या एका तारेने सगळ्या झंकाराचा रंग बदलतो. मग ललतात दोन्ही मध्यम एकाला एक लागून येतात, शुद्ध आणि तीव्र. दोन स्वर इतके जवळ उभे राहण्याची मुभा फार थोड्या रागांना आहे.

तिकिटाविना पहाटेचं गाणं हवं असेल तर गावातल्या विठ्ठलमंदिरात काकडा असतो. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे भूपाळ्या, अभंग, गौळणी, मृदंग आणि टाळ, शेवटी काकड्याच्या वातीने आरती. गाणारे शेतकरी, दुकानदार, निवृत्त शिक्षक. सूर कधी इकडे तिकडे होतो, लय सहसा सुटत नाही.

कोकणात आणि गोव्यात दिवाळीच्या पहाटे पोहे असतात. देशावरच्या माणसाला पोहे म्हणजे रोजची न्याहारी, पण तळकोकणात नरकचतुर्दशीच्या पोह्यांना मान आहे, कारण ते नव्या भाताचे. हळवं भात आश्विनात कापणीला येतं. भिजवलेलं भात गरम भाजून लगेच कांडायचं, की दाणा मऊ असताना चपटा होतो. पूर्वी व्हायनात, म्हणजे उखळात, मुसळाने कांडत, आता गिरणीत होतं. भिजवण्या-भाजण्यात दाण्यातला स्टार्च शिजून गेलेला असतो, म्हणून पोहे नुसते ओले केले तरी खाता येतात. नव्या भाताच्या पोह्यांना ताज्या तांदळाचा जो वास असतो तो दोनेक महिन्यांत उडतो. पहाटे गोव्यात नरकासुर जळतो, मग आंघोळ, मग तुळशीसमोर डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि त्या जहरी कडू फळाचा थेंब जिभेला लावायचा. त्यानंतर गोड: दुधातले फोव, नारळाच्या रसातले फोव, गूळ-खोबरं घालून कालयिल्ले फोव, शिवाय ताकातले, बटाट्याचे आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. आधी कडू मग गोड या क्रमामुळे गुळाची चव दुप्पट लागते. शरदात कडू आणि गोड खावं असं सांगणारे चरक इथे खूश झाले असते, ताक सोडून.

फराळातल्या बाकी पदार्थांबद्दल फार लिहीत नाही. चिवड्याचे पातळ पोहे उन्हात तापवून घेतले की आकसत नाहीत, चकलीची भाजणी दमट हवेत दळली तर चकली मऊ पडते, हे प्रत्येक घरात माहीत असतं. शेव-चिवडा विकत आणला तरी काही बिघडत नाही. अनारसा मात्र घरीच करावा, कारण त्यात शरद ऋतूच कामाला लागतो.

तांदूळ तीन दिवस भिजत ठेवायचे आणि पाणी रोज बदलायचं. या काळात ते हलकेच आंबतात, दाणा भुसभुशीत होतो. पाणी बदललं नाही तर वास येतो, बदललं तर फक्त एक अंधुकशी आंबूस छटा उरते आणि तीच पुढे अनारशाची ओळख ठरते. चौथ्या दिवशी उपसून पंचावर सावलीत पसरायचे. इथे ऑक्टोबरची हवा हवी. पावसाळ्यात ते सुकतच नाहीत, उन्हाळ्यात खडखडीत होतात. मुठीत धरले तर हाताला दमट लागतील पण चिकटणार नाहीत, अशी एक वेळ असते आणि शरदातल्या दुपारी ती तास-दोन तासांत येते. तेव्हाच कुटून किंवा मिक्सरवर बारीक करून मैद्याच्या चाळणीने चाळायचे. वाटीभर पिठीला पाऊण ते एक वाटी किसलेला गूळ, चमचाभर तूप. पिठीत राहिलेल्या त्या ओलीवरच गूळ विरघळतो आणि गोळा बनतो, वरून पाण्याचा थेंब लागत नाही. हा गोळा डब्यात चार-पाच दिवस मुरतो. गुळामुळे तो खराब होत नाही, महिनाभरही राहतो. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं ते याच पिठाच्या जोरावर.

तळायची वेळ ही परीक्षेची. लिंबाएवढी गोळी खसखशीवर बोटांनी थापायची, खसखस वर ठेवून मंद तुपात सोडायची आणि उलटायची नाही. झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. पिठातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते आणि वाट काढताना जाळी पाडते. इकडे गूळ वितळत असतो, तिकडे तांदळाचा स्टार्च शिजून घट्ट होत असतो. स्टार्च आधी जमला तर जाळीदार अनारसा. गूळ आधी पळाला तर सगळं तुपात पसरतं आणि बायका म्हणतात, हसला. गूळ किंवा ओल जास्त झाल्याचं ते लक्षण. कोरडी तांदळाची पिठी थोडी मिसळली की पुढचा सावरतो. उलट कडक झाला तर पिठात कुस्करलेलं केळं किंवा दुधाचा हबका. तळलेला अनारसा चाळणीत उभा ठेवावा, म्हणजे तूप निथळतं.

असं सगळं झाल्यावर दुपारी हातात दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही सवय मराठी माणसाला लागलेली आहे, आणि सणाला कपडे-मिठाईबरोबर वाचायचं साहित्य विकत घेणारे आपण जगात फार थोडे आहोत. सगळे अंक घेणं परवडत नसेल तर जवळच्या वाचनालयात वर्गणी भरावी. गठ्ठा घरी येण्याची वाट पाहण्यातही मजा असते.

एक गोष्ट फुकट आहे आणि ती बहुतेकांची दरवर्षी हुकते. अभ्यंगस्नानासाठी पहाटे चार-पाचला उठलात की उटणं लावायच्या आधी दोन मिनिटं गच्चीत जा आणि दक्षिणेकडे पाहा. उंचावर झगझगणारा सगळ्यात तेजस्वी तारा तो व्याध. त्याच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून वीसेक अंशांच्या आत, तेजात दुसरा नंबर असलेला अगस्ती दिसेल. तो उगवला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं आयुर्वेदाने धरलं आणि दिवसा उन्हाने तापलेल्या, रात्री चांदण्याने निवलेल्या त्या पाण्याला हंसोदक म्हटलं. उत्तर भारतातून अगस्ती जेमतेम क्षितिजावर येतो, युरोपच्या बहुतेक भागातून दिसतही नाही. फटाक्यांचा धूर सुरू व्हायच्या आत तो पाहून घ्यावा. रात्री गार पडल्यावर जमिनीलगतची हवा वर चढत नाही आणि धूर खालीच कोंडतो.

कोजागिरी ते नरकचतुर्दशी चौदा तिथी असतात. अनारशाच्या पिठाला भिजवण्यापासून मुरण्यापर्यंत आठ-नऊ दिवस लागतात. तेव्हा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुधाचं पातेलं घासून झालं की लगेच, वाटीभर तांदूळ धुऊन भिजत घाला.